तापलेलं गवत

कारखान्यातून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, आता आराम करा. मला आराम जमत नाही हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बडोद्याजवळ, बाजव्याच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं शिफ्टमध्ये काढली होती, त्यातली निम्मी कंट्रोल रूममध्ये. समोरच्या पडद्यावर तापमान वर चढलं की उठायचं, खाली आलं की बसायचं. घरी बसलो तर उठायला कारणच उरलं नाही, आणि म्हणून मी सारखा उठू लागलो. हरणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल ते बाल्कनी चौदा पावलं आहेत. विमान उतरताना आवाज आला की मी बाल्कनीत जायचो. ते दिसेनासं झालं की आत यायचो, पंखा एक नंबरने कमी करायचो, परत वाढवायचो.

बायको शाळेत शिकवते. ती दुपारी दमून यायची आणि मला असं फिरताना बघायची. पावसाळ्यात एकदा ती म्हणाली, "तुम्ही एका जागी बसा, नाहीतर बाहेर कुठेतरी जा. दोन्हीतलं एक काहीतरी करा."

मी शेतावर जायला लागलो.

शेत म्हणजे चार विघे, दोन-सव्वादोन एकर, गवताची जमीन. सावली गावाच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की मही नदीकडे उतरणाऱ्या घळी लागतात. इकडे त्यांना कोतर म्हणतात. तशा एका कोतराच्या उतारावर ती आहे. आमचे कुणी पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते आणि ही जमीन घोड्यांच्या चाऱ्यासाठी म्हणून त्यांच्याकडे आली, एवढंच आमच्या घरी सांगतात. घोडे गेले, गवत राहिलं. कंबरभर उंचीचं, बारीक देठाचं. मराठीत मारवेल, तिकडच्या लोकांचा झिंझवा. वर्षानुवर्षं गावातली माणसं विळ्याने कापून अर्धं आम्हाला, अर्धं स्वतःला असं करायची. मग विळा धरणारी माणसं कारखान्यांत गेली. त्या आधीची दोन वर्षं गवत उभ्याउभ्याच वाळून पडलं होतं.

शेताला लागून एका बाईंचं घर आहे. साठीच्या, विधवा, पाच म्हशी. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. मी त्यांना बेन म्हणतो, त्या मला भाई म्हणतात. त्या गुजरातीत बोलतात, मी अर्ध्या गुजरातीत आणि अर्ध्या मराठीत, आणि आमचं चांगलं चालतं. आमचं असं ठरलं की गवत मी कापीन, साठवायला त्यांची पत्र्याची शेड वापरायची, आणि निम्मा चारा त्यांच्या म्हशींना. शेडच्या एका बाजूला म्हशी, मध्ये कमरेएवढी विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला गवत.

ट्रॅक्टर मी डभोईकडच्या एका गावातून आणला. एका सिलिंडरचा, अठरा हॉर्सपॉवरचा, हँडल मारून चालू करायचा. माझ्या लग्नाच्याही आधीचा असावा. त्याला लावायला गवत कापायचा कटर मिळाला: बाजूला पसरणारी लांब पट्टी, तिच्यात करवतीसारखी पाती मागेपुढे सरकतात. तो कटर याच्या दुप्पट ताकदीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला होता. छाणीच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीने दोन्ही जोडून दिलं, पण जोडताना तो सारखा मान हलवत होता. त्याने सांगितलं, अख्खी पट्टी गवतात घालू नका, अर्धीच घाला, आणि चढावर कापू नका, उतारावर कापा आणि वर रिकामे या. म्हणजे चार विघ्यांचं काम आठ विघ्यांचं झालं. मी हो म्हटलं. मला काम जितकं वाढेल तितकं हवंच होतं.

ऑक्टोबरमध्ये दवाचे दिवस सुरू झाले आणि गवताच्या तुऱ्यांना तांबूस रंग आला. बेननी पहिल्याच दिवशी मला सांगितलं की एकदम सगळं कापू नका. एक विघा कापा, तो वाळू द्या, आत न्या, मग दुसरा. त्यांच्या सासऱ्यांपासून असंच चालत आलेलं. मी ऐकलं आणि पहिला विघा सकाळी कापायला घेतला. ट्रॅक्टर धक्-धक् करत उतरायचा, डाव्या हाताला गवत आडवं पडत जायचं, आणि त्याचा वास नाकात भरायचा. मधेच दाट पट्टा आला की इंजिनाचा आवाज जड व्हायचा, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जायचं, आणि मी क्लच दाबेपर्यंत ते बंद पडलेलं असायचं. मग उतरायचं, पात्यांत अडकलेलं गवत उपसायचं, हँडल मारायचं. एका तासात सहा वेळा. खांदा भरून आला. तरी गेल्या पाच महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहिला विघा दुपारी संपला. ट्रॅक्टर गरम होता, चालत होता. बंद केला तर उद्या चालू होईल की नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या विघ्यात शिरलो. खरं कारण ते नव्हतं. मला थांबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही विघे आडवे झाले होते. बेन म्हशींना पाणी दाखवायला आल्या, त्यांनी शेताकडे बघितलं आणि परत गेल्या.

पडलेलं गवत वाळवणं हे माझ्या हातातलं काम नव्हतं. ते उन्हाचं काम. मला फक्त दाताळ्याने उलटत राहायचं होतं. सकाळी दव पडलेलं असायचं, दहा-अकरापर्यंत हात घालता यायचा नाही. मग मी बांधावर बसून फोनवर हवामान बघायचो, दर पंधरा मिनिटांनी. तिसऱ्या दिवशी फोनवर ढगाचं चित्र आलं. परवा पाऊस. आकाशात खरोखरच पश्चिमेकडे पांढुरके थर दिसत होते. चार विघ्यांचं गवत उघड्यावर, आणि मावठं, म्हणजे अवकाळी पाऊस, आलं तर सगळं काळं पडणार.

मी बेनना म्हटलं, आजपासून आत भरू या.

त्यांनी खाली वाकून मूठभर गवत उचललं, दोन्ही हातांनी पिळलं आणि देठाच्या जाड पेरावर नख दाबलं. नखाला ओल लागली. "हजी लीलुं छे, भाई," त्या म्हणाल्या. अजून ओलं आहे. अजून दोन दिवस ऊन हवं.

मी फोन पुढे केला. ढगाचं चित्र दाखवलं. वरचं सगळं कडक वाळलंय, पेरांत थोडी ओल असते, ती शेडमध्ये सुकेल, असं मी अगदी ठाम आवाजात सांगितलं. शिफ्टमध्ये नव्या माणसांशी मी ज्या आवाजात बोलायचो तोच. त्या फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठीक वाटत असेल तर भरा.

गावातल्या दोघींना मजुरीला घेऊन आम्ही दोन दिवस गवत वाहिलं. अठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली कोतरातून वर खेचू शकत नव्हता. पहिल्या खेपेला पुढची चाकंच उचलली गेली. अर्धी ट्रॉली भरायची, पहिल्या गिअरमध्ये चढायचं, रिकामी करायची, परत. खेपा दुप्पट. डोक्यावर ढग. जागा पुरेना म्हणून मी शेडमध्ये थरावर चढून गवत तुडवू लागलो. जितकं दाबावं तितकं मावतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची खेप आत गेली तेव्हा गवत पत्र्यापासून हातभरच खाली होतं, आणि इतकं घट्ट की त्यावर चालताना पाय रुतत नव्हता.

पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ढग निघून गेले आणि पुढचा आठवडाभर बडोद्यावर लख्ख ऊन पडलं.

दिवाळी तोंडावर होती. बायकोच्या शाळेला सुट्टी लागली. अलकापुरीत कपडे घ्यायला गेलो तर दुकानात मी सारखा दाराशी जाऊन उभा राहत होतो. गवत आत भरून पाच दिवस झाले होते. सहाव्या दिवशी काही काम नसताना स्कूटर काढून शेतावर गेलो. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि वास आला. गुऱ्हाळात काहिलीजवळ येतो तसा, गोड, त्याच्या मागे किंचित तंबाखूसारखं काहीतरी. मी गवताच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. थंडीत माणसाच्या अंगाला असते त्यापेक्षा जास्त.

मला कळलं होतं. हे सांगायला जड जातं, पण मला तिथेच कळलं होतं. ओला माल दाबून ठेवला की आतल्या आत तापतो, आणि एका मर्यादेनंतर त्याला बाहेरच्या ठिणगीची गरज लागत नाही, हे मला कारखान्याने शिकवलं होतं, कोळशाच्या ढिगांवरून. तरी मी स्वतःला म्हटलं, नव्या गवताला थोडी ऊब येतेच. उतरेल. बेन अंगणात शेण गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, बधुं बराबर? सगळं ठीक ना? मी बराबर म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मी कशी काढली ते बायकोलाच विचारावं. ती चकल्या तळत होती. मी स्वयंपाकघरात जायचो, बाल्कनीत जायचो, चपला घालायचो, काढायचो. शेवटी तिने झारा खाली ठेवला आणि काय झालंय ते सांगा म्हणाली.

"गवत तापलंय."

"तापलंय म्हणजे?"

मी सांगितलं. विटांच्या भिंतीपलीकडे पाच म्हशी आहेत हेही सांगितलं.

"बेनना माहीत आहे?"

मी परत चपला घातल्या. तिने गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं आणि ओढणी घेऊन खाली उतरली. मी स्कूटर काढली, ती मागे बसली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मी बेनना शेडबाहेर बोलावलं आणि म्हटलं, आधी म्हशी बाहेर काढू या, मग सांगतो. त्यांनी कारण विचारलं नाही. पाचही म्हशी आणि एक पारडू लिंबाखाली बांधलं. मग मी कुंपणातली एक लांब लोखंडी सळई उपटली, ती गवतात मध्यापर्यंत खुपसली आणि पंधरा मिनिटं थांबलो. त्या पंधरा मिनिटांत आम्ही तिघं अंगणात उभे होतो. बाहेर काढली तर टोकाकडचा भाग हातात धरवेना. मी ती टाकून दिली.

ढीग तसाच ठेवला तर पेटणार. उघडला तर हवा लागून पेटू शकतो. शेतीची वीज त्या आठवड्यात सकाळची होती, त्यामुळे बोअरची मोटर बंद. पाणी म्हणजे म्हशींचा हौद आणि चार बादल्या. बायकोने विचारलं, बंब बोलवायचा का. बोलवला, पण यायला तास-दीड तास लागेल असं पलीकडून सांगितलं. तोपर्यंत वाट बघायची की हात घालायचा, हे मला ठरवता येईना. आयुष्यभर मी अशा वेळी एखादा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं होतं. इथे बंद करायला काही नव्हतं.

ठरवलं बेननी. त्या म्हणाल्या, वरून नाही, बाजूने काढा, थोडं थोडं, आणि काढलेलं लांब नेऊन पसरा. त्यांनी डोक्यावरचा पदर ओला करून नाकातोंडावर बांधला आणि दाताळं उचललं.

पहिला हातभर थर चांगला होता, पिवळसर, कोरडा. त्याच्या आत तपकिरी. त्याच्या आत वाफ. वाफेने चष्मा धूसर झाला तो मी खिशात टाकला. गवत आता ओल्या चहाच्या चोथ्यासारखं दिसत होतं आणि हातांना चटके बसत होते. मी दाताळ्याने ओढायचो, बेन गोणपाटावर घेऊन बाहेर न्यायच्या, बायको पसरायची आणि दर खेपेला येताना एक बादली भरून आणायची. पत्र्याखाली उष्मा इतका की दर दहा मिनिटांनी मला बाहेर येऊन वाकून श्वास घ्यावा लागायचा.

मधोमध, मी सगळ्यात जास्त तुडवलं होतं नेमकं तिथे, गवत काळं झालं होतं. मी दाताळं घातलं आणि काळा गठ्ठा सुटून पुढे आला. त्याच्या कडेला तांबडी रेघ दिसली. मी बघत असतानाच ती सरकत मोठी झाली.

"पाणी!" मी ओरडलो.

बायको बादली घेऊन भिंतीशी होती. तिने ती सगळी माझ्या हातांवरून त्या गठ्ठ्यावर ओतली. भस्सकन वाफ आली. दुसरी बादली बेननी आतल्या पोकळीत मारली, तिसरी मी. मग आम्ही हौद तळाला जाईपर्यंत बादल्या मारत राहिलो, पेटलेलं नव्हतं तिथेसुद्धा. बंब आला तेव्हा शेड अर्धी रिकामी झाली होती. त्या माणसांनी उरलेल्यावर पाण्याचा फवारा मारला, सगळं उपसायला मदत केली, आणि त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं की गवत भरायची इतकी घाई कुणी केली. मी म्हटलं, मी.

सूर्य खाली जाईपर्यंत आख्खं अंगण आणि पुढचा रस्ता गवताने भरून गेला होता. बायकोच्या केसांत काड्या होत्या, ओढणी फाटली होती. तिने बेनच्या चुलीवर चहा केला आणि आम्ही तिघांनी जमिनीवर बसून प्यायला. माझ्या उजव्या तळव्याला दोन फोड आले होते. बेननी त्यावर घरचं तूप लावलं. लावताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

चारएक दिवस ते गवत उन्हात पडलं. काळं झालेलं आम्ही उकिरड्यावर टाकलं. तपकिरी झालेलं म्हशी खातील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी ते चांगल्या गवताच्या आधी खाल्लं. बेन म्हणाल्या, त्यांना गोडाची चव लागली असेल, पण याने दूध वाढायचं नाही. चांगलं असं जेमतेम तिसरा हिस्सा उरलं. ते सगळं मी त्यांना ठेवून घ्यायला सांगितलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

भाऊबीजेनंतर मी एकटाच गेलो. एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. रात्री कूस बदलताना, गाडी चालवताना, जेवताना. आग लागली नव्हती, म्हशी सलामत होत्या, बेननी एका शब्दाने मला दोष दिला नव्हता. पण त्यांना वाटत होतं की मला त्याच दिवशी दुपारी कळलं आणि मी धावत आलो. बायको म्हणाली होती, आता कशाला सांगता, त्यांना उगाच वाईट वाटेल. मीही तसंच ठरवून निघालो होतो.

बेन म्हशीची धार काढत होत्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. आदल्या दिवशीच मी आलो होतो तेव्हा मला वास आला होता, हात घातला होता, मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी बराबर म्हटलं.

त्यांनी धार थांबवली नाही. बादलीत दुधाचा आवाज येत राहिला. मग म्हणाल्या, "मने तो बे दिवस पहेलां वास आव्यो हतो."

दोन दिवस आधी. माझ्याही आधी. पुढचंही त्यांनीच सांगितलं. पारडू गवताच्या भिंतीजवळ बांधलेलं असायचं, ते त्यांनी त्याच दिवशी पलीकडच्या टोकाला नेलं होतं. मला फोन करावा असं मनात आलं होतं. पण वाटलं, भाई एवढ्या मोठ्या कारखान्यात होते, त्यांनी फोनमध्ये सगळं बघितलंय, आपण अडाणी माणसाने काय सांगायचं. मी आलो आणि बराबर म्हणून गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलं.

"ते चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मराठीत म्हटलं, माझ्याकडून ऐकून ऐकून आलेल्या मराठीत.

मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात गेलो, लिंबापर्यंत गेलो, परत आलो. त्यांची धार संपली होती. मी बादली उचलली आणि डेअरीच्या रस्त्याने त्यांच्या मागे चालू लागलो. वाटेत त्या पुढच्या वर्षीचं बोलत होत्या: खालच्या कोपऱ्यातला विघा आधी कापायचा, तिथे ऊन जास्त वेळ असतं. बादली भरलेली होती आणि मी भराभर चालत होतो, म्हणून दूध हिंदकळत होतं. त्यांनी मला हळू चालायला सांगितलं. मी हळू चाललो.